खोलापुरे-२

सोमवार, १४ ऑक्टोबर २०४१. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या मृदा-तुलना केंद्रातल्या यंत्राने गुणवंत सदाशिव खोलापुरे या माणसाचे दोन तुकडे केले. एकाला नाव दिले खोलापुरे-१, दुसऱ्याला खोलापुरे-२. त्या वेळी अखंड खोलापुरे यवतमाळच्या आपल्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाला आळे करत होते. वय पंच्याहत्तर, मृदा सर्वेक्षण खात्यातून निवृत्त होऊन सतरा वर्षे झालेली. आपली वाटणी झाल्याची बातमी त्यांना दोन दिवसांनी कळली.

यंत्राने केले ते समजायला फार शास्त्र लागत नाही. कुठली माती कोणत्या जातीची हे ठरवायला पूर्वी खड्डा खणत. दीड मीटर खोल, माणूस आत उभा राहील एवढा. मग त्याच्या उभ्या भिंतीवर थर पाहायचे: रंग कुठे बदलतो, चुनखडीचे खडे कुठे लागतात, ढेकूळ मोडताना चकाकी कुठे दिसते. प्रत्येक थरातली चिमूट ओली करून बोटांत मळायची. खरखरली तर रेती, पिठासारखी मऊ लागली तर पोयटा, चिकटून लांब पट्टी निघाली तर चिकणमाती. तिन्हींचे शेकडा प्रमाण तिथल्या तिथे बोटांनी सांगायचे. सारख्या थरांच्या जमिनी एका कुळात घालत. त्या कुळाला मृदामालिका म्हणत, आणि ती जिथे पहिल्यांदा नीट वाचली गेली त्या गावाचे नाव तिला देत. तो पहिला खड्डा म्हणजे त्या मालिकेचा आधार.

खड्ड्याची जागा आता सळईने घेतली आहे. सळई जमिनीत शिरते, दर दोन सेंटीमीटरला प्रकाश सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून थर वाचते. वऱ्हाडातली काळी जमीन आणि समुद्रापलीकडच्या एखाद्या पठारावरची काळी जमीन एकाच कुळातली की नुसती दिसायला सारखी, हे एका दुपारी सांगता येते. मात्र ज्या जमिनी धरणाखाली, रस्त्यांखाली, शहरांखाली गेल्या, तिथे सळई कशी घालणार? त्यांची माती सर्वेक्षकांच्या वह्यांतच उरली आहे. त्या वह्या यंत्राला वाचायला द्यायच्या, तर वहीवाल्याच्या बोटांची चूक आधी वजा करायला हवी.

त्यासाठी केंद्राने ‘हातमाप’ तयार केले. जुन्या खड्ड्याची जागा अजून सापडते तिथे सळई घालायची आणि तिचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडायचा. अशा हजारो नोंदी ताडल्यावर एक गोष्ट बाहेर आली. हाताची चूक अक्षरासारखी असते. प्रत्येकाची वेगळी, आणि जन्मभर बहुतेक तीच. कोणाला रेती नेहमी थोडी कमी जाणवते, कोणाला चिकणमाती जास्त. ती चूक एकदा कळली की वजा करता येते.

अडचण येते ती चूक एकसारखी नसली तर. खोलापुऱ्यांच्या नावावर १९९२ ते २००३ या काळातले तीनशे बारा खड्डे होते. त्यांतल्या एकशे एक्केचाळीस खड्ड्यांत चिकणमाती सरासरी सात टक्के जास्त सांगितलेली होती. उरलेल्या एकशे एकाहत्तरांत चूक एका टक्क्याच्या आत होती. अक्षर तेच, सही तीच, हात मात्र दोन.

नियम असा की ज्याचा हात स्थिर नाही, त्याच्या सगळ्या नोंदी बाद. म्हणजे तीनशे बाराही.

*

बुधवारी अकराच्या सुमारास हातमापच्या प्रमुख डॉ. रसिका गेडाम यवतमाळला आल्या. वय चौतीस. आल्या आल्या बूट काढताना त्यांचे लक्ष बैठकीच्या भिंतीकडे गेले. तिथे दोन चौकटी होत्या. एकीत १९९८ सालचे ‘उत्कृष्ट क्षेत्र-निरीक्षक’ हे प्रमाणपत्र. दुसरीत एका अरुंद खोऱ्याचा हाताने रंगवलेला नकाशा, खाली लिहिलेले: सावरटोली मालिका, २४० हेक्टर.

“या सावरटोलीसाठीच आलात ना?” खोलापुऱ्यांनी विचारले. “विलीन करायच्या मालिकांची यादी निघणार आहे म्हणे.”

सावरटोली ही त्यांनी वेगळी काढलेली एकुलती एक मालिका. बाकी सगळी हयात दुसऱ्यांनी नावे दिलेल्या मातीत त्यांनी काढली होती. शेजारच्या पाळोदी मालिकेपेक्षा हिच्यात पोयटा बराच जास्त, एवढ्या एका फरकावर ती उभी होती. खोऱ्यात २०१२ साली तलाव झाला आणि सावरटोलीची एकूण एक जमीन पाण्याखाली गेली. सळई तिथे कधी पोचली नाही. पहिल्या खड्ड्याच्या नमुन्यांच्या पिशव्याही खड्डा खणला तेव्हाच ओढा ओलांडताना जीपमध्ये भिजल्या होत्या आणि चिठ्ठ्यांची शाई उतरली होती, म्हणून प्रयोगशाळेची तपासणी झालीच नव्हती. सावरटोली आता होती ती वहीत आणि या भिंतीवर.

“यादी आहेच,” रसिका म्हणाल्या. “पण आज दुसरं विचारायचंय, सर. १९९४ च्या मार्चमध्ये तुमच्या हाताला काही झालं होतं का?”

“हाताला? नाही बुवा.”

“तुमचा हात एकदम सुधारला.”

“सराव.”

“सरावाने हात हळूहळू सुधारतो. हा एका दिवसात सुधारलाय. आणि मधे मधे पुन्हा बिघडलाय. एप्रिल ते ऑक्टोबर सत्त्याण्णव पूर्ण बिघडलेला, नोव्हेंबरात पुन्हा उत्तम.”

खोलापुरे खिडकीबाहेर पाहू लागले. वऱ्हांड्यात त्यांची बायको यमुनाबाई पोत्यावर बसून दिवाळीच्या पणत्या करत होत्या. चाक नाही, साचा नाही. गोळा घ्यायचा, अंगठा दाबायचा, तीन चिमटे, पणती तयार. बाभूळगावच्या कुंभारवाड्यातली लेक. सत्तरीतही बाजारच्या पणत्या घरात येऊ देत नसत.

वातावरण मोकळे करावे म्हणून रसिका उठून तिकडे गेल्या. गोळ्याला बोट लावून म्हणाल्या, “छान चिकण माती आहे, काकू.”

“कायची चिकण?” यमुनाबाई म्हणाल्या. “शंभरात तीस घमेले रेती हाय हिच्यात. यंदा फसवलं मले कुंभारानं. माहेरचाच हाय, तरी फसवलं.”

रसिकांनी हात मागे घेतला नाही. त्या यमुनाबाईंच्या बोटांकडे पाहत राहिल्या. आणि त्या काय पाहताहेत हे आतून खोलापुऱ्यांना दिसले.

“अहवाल एकोणतीस तारखेला समितीपुढे जाईल, सर,” निघताना रसिका म्हणाल्या. “त्याआधी काही आठवलं तर कळवा.”

*

आठवायला काही विसरले नव्हतेच.

लग्न त्र्याण्णवच्या मे महिन्यातले. पुढच्या जानेवारीत दारव्ह्याकडे मुक्काम पडला, गावातल्या शाळेच्या एका खोलीत. नवी नवरी घरी एकटी काय करणार म्हणून तीही सोबत. एका दुपारी ती भाकरी घेऊन खड्ड्यावर आली. खोलापुरे आत उभे राहून चिमूट मळत होते. त्यांच्या तळव्यांना भर थंडीतही घाम यायचा. त्या घामाने माती हाताला जास्त धरायची आणि चिकण वाटायची, हे कोणत्याच पुस्तकात नव्हते.

“बावन्न टक्के,” ते स्वतःशीच म्हणाले.

“काय बावन्न?”

“चिकणमाती.”

ती काठावर बसली, पाय आत सोडले, भिंतीतली माती नखाने काढली, पाण्याचा थेंब घेतला आणि दोन बोटांत फिरवली. मग पुढच्या दातांनी हळूच चावून पाहिली. “अन् रेती कुठी गेली? बारीक हाय, दाताले लागते. शंभर घमेले खणले त चिकण पंचेचाळीस निंगन. बावन्न नाही.”

ते हसले आणि त्यांनी बावन्न लिहिले. दीड महिन्याने प्रयोगशाळेचा कागद आला: पंचेचाळीस.

पुढच्या मुक्कामापासून ती सांगायची, ते लिहायचे. ती माहेरी असली की आकडे पुन्हा त्यांचे. खड्ड्यातली बाकीची सगळी विद्या त्यांची होती. थर कुठे तोडायचा, चकाकी कशाची, चुनखडी वरून आली की खालून वर चढली, हे ते तिला शिकवत. बोटे मात्र तिची. निरीक्षक नेमणुकीचा असावा असा खात्याचा नियम, म्हणून तिचे नाव लिहिण्याचा प्रश्नच आला नाही. निदान त्यांनी स्वतःला तसे सांगितले होते. पण १९९८ साली व्यासपीठावर वरिष्ठ म्हणाले, “खोलापुऱ्यांचा हात म्हणजे जिल्ह्यातली प्रयोगशाळा,” तेव्हा कुठला नियम त्यांच्या तोंडावर हात ठेवून उभा नव्हता. पहिल्या रांगेत यमुना पोरीला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होती. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला आता त्रेचाळीस वर्षे झाली होती.

“मी लिहून देतो,” त्या दुपारी जेवताना ते म्हणाले.

“काय लिहून देता?”

“की हात तुझा होता.”

“कायले पण? या वयात हसं करून घेता? लोक तुमाले साहेब म्हणतात. मले काय, मी घरची घरीच हाय.”

“नाही लिहिलं तर सगळ्याच नोंदी जातील. तुझ्यापण.”

“माह्या कायच्या? सही तुमची.”

“तेच तर.”

यमुनाबाईंनी त्यांच्या ताटात मूठभर भात जास्त वाढला. या घरात तो होकारही असे आणि रागही. कोणता ते खाऊन झाल्यावर कळे.

गुरुवारी सकाळी खोलापुऱ्यांनी दीड पानाचे पत्र पाठवले. कार्यालयीन मराठी त्यांच्या रक्तात होती, म्हणून पत्रात माफी कुठे नव्हती. तारखा होत्या, मुक्काम होते. सहाव्या ओळीत एकच वाक्य होते: ‘उपरोक्त कालावधीत स्पर्शपरीक्षण सौ. यमुना खोलापुरे यांनी केले असून मी केवळ लेखनिक होतो.’ पत्र गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून प्रमाणपत्राची चौकट खाली उतरवली. तिचे काय करायचे हे ठरवले नव्हते.

“आणा इकडं,” यमुनाबाई म्हणाल्या. “पणत्या सुकवायले पाटी पायजेच होती.”

*

दुपारी रसिकांचा फोन आला. फोन मधोमध ठेवून दोघे ऐकत बसले.

“सर, पत्र मिळालं. काय बोलू कळत नाहीये. काकू, तुमचा हात आमच्याकडच्या सहाशे हातांत पहिल्या तीनात आहे. विदर्भाच्या काळ्या जमिनींसाठी तुमच्या एकशे एकाहत्तर नोंदी प्रमाण धरता येतील. फक्त समितीला पुरावा लागेल. मंगळवारी नागपूरला याल? चाळीस वाट्या ठेवू, तुम्ही माती ओळखायची.”

“येऊ की,” यमुनाबाई म्हणाल्या. “मंगळवारचा बाजार नसतो मले.”

“आणि एक छोटं कोडं आहे. नोव्हेंबर सत्त्याण्णव ते मार्च अठ्ठ्याण्णव, या पाच महिन्यांतले एकोणीस खड्डे. हात तुमचाच, पण रेती कमी लागलीय आणि पोयटा जास्त. जणू कातडी आणि माती यांच्यामध्ये काहीतरी होतं. हातमोजे वगैरे घालत होता का?”

“मोजे? खड्ड्यात?”

“कारण सापडलं तर ती चूक आम्ही वजा करू. नाही सापडलं तर, खड्डे थोडेच आहेत म्हणून, नियमाप्रमाणे नोंद आहे तशीच राहील. एवढंच.”

“आठवून पायतो,” यमुनाबाई म्हणाल्या. बाभूळगावाकडे बायकाही असेच बोलतात.

फोन बंद झाला. खोलापुरे अजून सहाशेत पहिल्या तीनावरच होते. त्यांना ते मृणालला, नाशिकच्या लेकीला, लगेच सांगायचे होते. यमुनाबाई मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होत्या.

“आपण सावरटोली कधी वाचली हो?”

“नऊ जानेवारी अठ्ठ्याण्णव,” ते झटकन म्हणाले. ही तारीख त्यांना झोपेतही आली असती. “का?”

“मृणाल तवा चार महिन्यांची होती.”

“हो. झाडाखाली झोळी बांधली होती आपण.”

“सकाळी तिले तेल लावत होतो मी. तिळाचं. पाणी घालायचं, निजवायची, अन् धावत खड्ड्यावर. साबण कुठी होता मुक्कामात? राखेनं हात घासले त घासले.”

खोलापुऱ्यांनी अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. तेलाची पुसट साय बोटांवर असली की रेतीचा कण टोचत नाही, घसरतो. खरखर मऊ होते. मऊ म्हणजे पोयटा. सावरटोलीला पाळोदीपासून वेगळे करणारा फरक पोयट्याचा. पाळोदीत बावीस टक्के, सावरटोलीत छत्तीस.

“चौदाचा फरक होता,” ते शेवटी म्हणाले.

“मले मालूम हाय.”

“सगळा तेलाचा?”

“मले काय मालूम? मी काय यंत्र हाये?”

“मग सांगू नकोस.”

यमुनाबाईंनी वळून पाहिले.

“अगं, कोणाचं काय जातं? ती बाईच म्हणाली, कारण नाही सापडलं तर नोंद राहते. तिथे आता पाणी आहे. कोणी पेरणार नाही, कोणी मोजणार नाही. एक नाव आहे, राहू दे.”

“काल तुमी मले काय सांगत होते? मी म्हणत होतो नका सांगू, तवा आयकलं?”

“ते वेगळं होतं.”

“असं? माह्या हाताचं खरं सांगाचं अन् माह्याच हाताचं खोटं लपवाचं. हे कोणत्या पुस्तकात लिवलं हाय, साहेब?”

‘साहेब’ ही त्या घरातली शेवटची शिवी होती. त्यानंतर बोलणे होत नसे.

संध्याकाळी मृणालचा फोन आला. तिला सगळे सांगून झाले तेव्हा ती आधी हसत सुटली. “म्हणजे बाबा, माझ्या मालिशमुळे एक माती जन्माला आली?”

“आली खरी. आता तुझी आई तिला पोचवायला निघालीय.”

“आईला द्या जरा.”

मायलेकींचे काय बोलणे झाले ते त्यांना कळले नाही. यमुनाबाई फोनवर दोनदाच बोलल्या: “हो ना,” आणि “ते रडतीन, पण लिवतीन.”

*

मंगळवार, २२ ऑक्टोबर. केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर लांब टेबलावर चाळीस चिनीमातीच्या वाट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत मूठभर माती, बाहेर फक्त क्रमांक. छतातून कॅमेरा. यमुनाबाईंनी टेबलाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “खाली ठेवा. उभ्यानं माती समजत नाही.”

वाट्या फरशीवर आल्या. सतरंजी आली. बाटलीतले शुद्ध पाणी त्यांनी बोटाला लावून पाहिले आणि तक्रार केली की याला काही चव नाही. मग विचारले, “हे कुठी बसतीन?”

“सर लिहितील ना?” रसिका म्हणाल्या. “तेव्हा जसं होतं तसंच ठेवू. तुम्ही सांगा, ते लिहितील. तीच वही अधिकृत धरू.”

खोलापुऱ्यांनी चष्मा पुसला, पेन घेतले आणि बायकोच्या डाव्या हाताला बसले. खड्ड्यात ते डाव्या हातालाच उभे राहायचे.

पहिल्या सात वाट्यांना बराच वेळ गेला. मग लय आली. चिमूट, थेंब, अंगठा, पट्टी, कधी दात. “रेती अकरा घमेले. पोयटा सव्वीस. बाकी चिकण.” त्या बोलताना डोळे मिटत. “ही पुसदकडची असन. चिकण साठ.” “ही आपल्याकडची नाहीच बाप्पा. लाल हाय का? मी पाहत नाही, सांगा.” होती लाल, कोकणातून आलेली. तिसाव्या वाटीला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “ही मघाची बारावीच हाय. परीक्षा माही घेता का तुमची?” रसिकांच्या सहायकाने मान खाली घातली. ती बारावीच होती.

चाळीसपैकी अडतीस बरोबर आल्या. तुलनेसाठी रसिकांनी खोलापुऱ्यांनाही पाच वाट्या दिल्या. त्यांनी पाचही वेळा चिकणमाती सात-आठ टक्के जास्त सांगितली.

“पन्नास वर्षं होत आली, तरी तोच घाम,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. सगळे हसले. काम संपल्यासारखे झाले.

तेव्हा यमुनाबाईंनी पिशवीतून एक छोटी बाटली काढली.

“आता पाळोदीची माती असन त द्या. तुमच्या कोड्याचं उत्तर हाय.”

त्यांनी तेल, झोळी आणि राख हे तीन वाक्यांत सांगितले. रसिकांनी एकदा खोलापुऱ्यांकडे पाहिले. हे सांगण्याने सावरटोलीचे काय होते, ते त्यांना त्या दोघांइतकेच कळत होते. पण त्यांनी पाळोदीचे पाच वेगवेगळे नमुने मागवले.

आधी कोरड्या हाताने. बावीस, तेवीस, एकवीस, बावीस, बावीस. खोलापुरे लिहीत गेले. मग यमुनाबाईंनी तळहातावर तेल घेतले, दोन्ही हातांना चोळले, जसे त्या काळी एका लहानशा पाठीवर चोळून झाल्यावर उरत असेल तसे, आणि राखेने घासले. राखही घरून आणली होती, कागदाच्या पुडीत.

पहिला नमुना. बराच वेळ त्यांनी तो बोटांत फिरवला.

“पोयटा,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

खोलापुऱ्यांचे पेन कागदावर टेकलेले होते. आकडा मोठा आला तर सावरटोली गेली. लहान आला तर राहिली. वही अधिकृत होती आणि वही त्यांच्या हातात होती. ती सांगेल त्यातून पाच कमी लिहायला किती लागते? कॅमेरा होता, पण कॅमेऱ्याच्या आठवणीने त्यांचा हात थांबला नव्हता. तो थांबला होता तो सवयीने. ती सांगते, मग मी लिहितो. नऊ-दहा वर्षांत तिने सांगितलेला एकही आकडा त्यांनी बदललेला नव्हता. पहिल्या पंचेचाळीसचे बावन्न लिहिले, तेवढे सोडून.

“एकतीस,” यमुनाबाई म्हणाल्या.

त्यांनी एकतीस लिहिले.

पुढचे चारही तसेच. तीस, बत्तीस, एकतीस, एकतीस. त्यांचे अक्षर कुठेही हलले नव्हते. रसिकांनी नंतर ती वही दोघातिघांना मुद्दाम दाखवली.

परतीच्या बसमध्ये यमुनाबाई खिडकीशी बसल्या. कळंब आले तेव्हा त्यांनी विचारले,

“रागावले?”

“नाही.”

“मग हिसाब करता का मनात?”

“हो.”

“किती?”

“तेलाचे नऊ. फरक चौदाचा होता. पाच उरतात.”

“पाच कायचे?”

“तेच कळत नाही.”

यमुनाबाईंनी हात हुंगून पाहिला, तेलाचा वास अजून होता, आणि तो त्यांच्या नाकापाशी नेला. “मृणाल,” त्या म्हणाल्या. आणि डोळे मिटून घेतले.

*

समितीची बैठक मंगळवारी, २९ ऑक्टोबरला झाली. इतिवृत्तातले दोन मुद्दे या घराशी संबंधित आहेत.

पहिला: खोलापुरे-२ हे तात्पुरते नाव रद्द. एकशे एकाहत्तर खड्ड्यांच्या नोंदींत ‘स्पर्शपरीक्षण’ या रकान्यात यमुना गुणवंत खोलापुरे, आणि ‘वर्णन व लेखन’ या रकान्यात गुणवंत सदाशिव खोलापुरे. नेमणूक नसताना काम करून घेतल्याबद्दल समितीने खेद नोंदवला आहे. कोणाचा खेद, ते लिहिलेले नाही.

दुसरा: सावरटोली मालिका. वेगळी मालिका मानायला किमान सहा टक्क्यांचा फरक लागतो. तेल वजा जाता पाच उरतो, आणि मोजणीतली संभाव्य चूक वर-खाली दोन टक्क्यांची आहे. म्हणजे ती माती वेगळी असू शकते आणि नसूही शकते. निर्णय: विलीन नाही, कायम नाही, प्रत्यक्ष तपासणीपर्यंत राखून.

प्रत्यक्ष तपासणीसाठी तो तुकडा पाण्याबाहेर यावा लागेल. खड्डा तलावाच्या वरच्या टोकाला होता. साठा अकरा टक्क्यांच्या खाली गेला तरच ती जागा उघडी पडते. तलाव झाल्यापासून असे एकदाच झाले, २०३२ च्या मे महिन्यात, आणि तेव्हा कोणाला गरज नव्हती. रसिकांनी येत्या मे महिन्यासाठी खड्ड्याची परवानगी मागितली आहे. सळई न्यायची आहेच, पण अर्जात त्यांनी हाताने वाचन करणाऱ्या दोन व्यक्तींची नावे घातली आहेत. सत्तरीपुढच्या माणसांना दीड मीटर खड्ड्यात उतरू द्यावे का, यावर उत्तर आलेले नाही.

घरी भिंतीवर आता एकच चौकट आहे, नकाशाची. प्रमाणपत्र वऱ्हांड्यात आडवे पडलेले असते. दिवाळी झाली, पणत्या उचलल्या, तरी काचेवर मातीचे गोल डाग तसेच आहेत आणि ते पुसायचे कोणी मनावर घेतलेले नाही. यमुनाबाईंनी जुने खुरपे धार लावून आणले. “मे महिन्यात हाताले तेल लावाचं नाही,” असे त्यांनी जाहीर केले, तेव्हा खोलापुरे म्हणाले की मग मी घाम कुठे ठेवू.

पाटबंधारे खाते रोज सकाळी तलावांची पातळी प्रसिद्ध करते. खोलापुरे चहाच्या आधी ती पाहतात. दुष्काळ पडावा असे मनात येऊ द्यायचे नाही असे त्यांनी स्वतःला बजावले आहे, आणि बायकोलाही. ती म्हणाली, मी कुठी म्हणतो.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजताची नोंद: सावरटोली तलाव, उपयुक्त साठा ९१ टक्के.